काखेतील एक लसिकाग्रंथी आणि उपचाराचा क्रम: खान्देशातील एका स्तनकर्करोग रुग्णाचे प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण जळगाव शहरातील एका निदान केंद्रात आणि तेथील एका शल्यचिकित्सकांच्या सहकार्याने हाताळले गेले. रुग्णाची लेखी संमती घेतलेली आहे. वय, गाव आणि घरचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. मांडणी सोनोग्राफी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या बाजूने केली आहे, कारण या रुग्णाच्या उपचाराचा संपूर्ण क्रम काखेतील एका लहानशा लसिकाग्रंथीवरून ठरला, आणि ती ग्रंथी हाताने तपासताना कोणालाही लागलेली नव्हती.

पार्श्वभूमी

रुग्ण अमळनेर तालुक्यातील, चाळिशी ओलांडलेल्या ताई. घरची थोडी कोरडवाहू शेती, त्यात कपाशी, आणि हंगामात दुसऱ्यांच्या शेतात वेचणी. डाव्या स्तनाच्या वरच्या, बाहेरच्या भागात गाठ असल्याचे त्यांना अंघोळ करताना जाणवले होते. त्यानंतर अख्खा वेचणीचा हंगाम गेला. नंतर विचारले तेव्हा त्यांनी अहिराणीत सांगितले, "दुखस नही, मंग कसाले दवाखानामा जावानं?" स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि नेमके त्यामुळेच तो घरात राहतो, ही गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक गावात आशाताईंच्या तोंडून पुन्हा पुन्हा सांगितली जायला हवी.

सुरतला नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर आला, त्याने आग्रह धरला आणि तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. अहवालात डाव्या स्तनात संशयास्पद गाठ असल्याचे आणि पुढील तपासणीची गरज असल्याचे स्पष्ट लिहिले होते. हे काम त्या केंद्राने चोख केले होते. मात्र काखेविषयी अहवालात एकही ओळ नव्हती. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत फक्त "डावा स्तन" एवढेच लिहिले असल्याने तपासणी तेवढ्यापुरतीच झाली.

जळगावच्या शल्यचिकित्सकांनी तपासले तेव्हा गाठ टणक आणि हलणारी होती, त्वचा ठीक होती, काखेत हाताला काही लागत नव्हते. त्यांनी मॅमोग्राफी, गाठीची कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढून केलेली तपासणी) आणि "स्तन व दोन्ही काखा" अशी सोनोग्राफी लिहून दिली. गाठ सोनोग्राफीवर 1.8 सेंटिमीटरची भरली. बायोप्सीचा अहवाल आला तो असा: इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड 3, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर नकारात्मक, हर-2 (कर्करोगाच्या पेशींना वाढायला लावणारे त्यांच्यावरील एक प्रथिन) तीन अधिक, म्हणजे निःसंशय सकारात्मक.

प्रश्न काय होता

कुटुंबाचा पहिला प्रश्न होता, "ऑपरेशन कधी?" वैद्यकीय प्रश्न मात्र त्याच्या आधीचा होता: ऑपरेशन आधी की औषधे आधी?

हर-2 सकारात्मक कर्करोग दोन सेंटिमीटरपर्यंतचा असेल आणि काखेत पसरलेला नसेल, तर साधारणपणे शस्त्रक्रिया आधी केली जाते आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल ही किमो व हर-2वर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब असे तुलनेने सौम्य औषध देता येते. काखेत पसरला असेल तर किमो आणि ट्रास्टुझुमॅब आधी देण्याकडे कल असतो. त्यामागे दोन कारणे आहेत: औषधाला गाठ कशी दाद देते ते समोर दिसते आणि त्यावरून पुढची औषधे ठरवता येतात, शिवाय काख औषधाने साफ झाली तर सगळ्या ग्रंथी काढण्याची वेळ टळू शकते. या ताईंची गाठ 1.8 सेंटिमीटरची असल्याने निर्णयाचा सगळा भार काखेवर आला.

येथे एका अलीकडच्या अभ्यासाचा उल्लेख आवश्यक आहे. इटलीतील मिलान येथून चालवलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या साउंड चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत निर्दोष काख असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटात सेंटिनल ग्रंथी (स्तनाकडून येणारा लसिकाद्रव सर्वांत आधी जिथे पोहोचतो ती) काढली, दुसऱ्यात काखेला हातच लावला नाही. पाच वर्षांनंतर दूरच्या अवयवांत पसरलेला आजार नसलेल्या स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे 97.7 आणि 98.0 टक्के आले, म्हणजे काख न उघडल्याने नुकसान झाले नाही. त्याच चाचणीत ज्यांच्या सेंटिनल ग्रंथी काढल्या त्यांपैकी सुमारे 14 टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग आढळला होता, म्हणजे सोनोग्राफीतून बारीक पसरण निसटतेच. पण ती इतकी थोडी असते की त्या गटाच्या परिणामांत फरक पडला नाही.

या निष्कर्षाचा आधार घ्यायचा असेल, तर काखेची सोनोग्राफी खरोखर झालेली असली पाहिजे आणि ती नीट झालेली असली पाहिजे. तालुक्याच्या अहवालातील मौनाचा अर्थ कोणी "काख ठीक" असा लावला असता, तर 1.8 सेंटिमीटरच्या गाठीसाठी काख न तपासताच सोडून देणे कागदावर योग्य वाटले असते.

काखेत काय दिसले

ताईंना पाठीवर झोपवून डाव्या खांद्याखाली घडी घातलेली चादर दिली आणि डावा हात डोक्यामागे ठेवायला सांगितले, म्हणजे काखेची त्वचा ताणली जाते आणि ग्रंथी वर येतात. उच्च वारंवारतेचा लिनिअर प्रोब वापरला. छातीच्या मोठ्या स्नायूच्या बाहेरील कडेपासून सुरुवात करून पहिली पातळी, मग लहान स्नायूच्या मागची दुसरी, मग त्याच्या आतील बाजूस कॉलरबोनखालची तिसरी, आणि शेवटी कॉलरबोनच्या वरचा भाग व उरोस्थीच्या कडेची जागा असा हा क्रम असतो. उजवी काखही पाहिली. तिथल्या ग्रंथी त्याच व्यक्तीच्या निरोगी नमुन्याचे काम देतात.

उजवीकडच्या ग्रंथी नेहमीसारख्या होत्या: लांबट, मध्यभागी चरबीचा पांढरा हायलम, भोवती कॉर्टेक्सचा पातळ काळसर थर. डावीकडे पहिल्या पातळीत अशा तीन ग्रंथी दिसल्या. चौथी वेगळी होती. 14 बाय 9 मिलिमीटर, हायलम शाबूत पण एका बाजूला सरकलेला. तिचा कॉर्टेक्स जवळपास सगळीकडे 2 मिलिमीटरच्या आत होता. फक्त एका टोकाला तो 5.5 मिलिमीटर जाड होऊन फुगवट्यासारखा बाहेर आला होता. कलर डॉपलरवर त्याच फुगवट्यात कडेकडून शिरणारी एक बारीक रक्तवाहिनी दिसली. वरच्या दोन पातळ्या आणि कॉलरबोनचा वरचा भाग मोकळा होता.

ग्रंथी 14 मिलिमीटरची म्हणून कोणी घाबरू नये, आणि 8 मिलिमीटरची म्हणून निश्चिंतही राहू नये. निरोगी माणसाच्या काखेत चरबीने भरलेली याहून मोठी ग्रंथी सहज सापडते. निर्णायक ठरतो तो कॉर्टेक्स. लसिकाद्रव ग्रंथीत बाहेरच्या थरातून शिरतो, त्यामुळे कर्करोगाच्या पेशीही आधी तिथेच अडकतात आणि वाढतात. कॉर्टेक्स 3 मिलिमीटरच्या वर जाणे, त्यातही एकाच जागी फुगणे, पुढे हायलम दबून नाहीसा होणे आणि ग्रंथी गोल होणे हा त्याच घटनेचा पुढचा पुढचा टप्पा असतो. या ताईंची ग्रंथी पहिल्याच टप्प्यात होती आणि म्हणून ती हाताला लागत नव्हती.

पहिला निर्णय: थांबावे की सुई घालावी

ताईंच्या डाव्या तर्जनीवर आणि अंगठ्यावर बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी झालेल्या जखमा होत्या. एक अजून ओली होती. वेचणी करणाऱ्या बाईच्या हाताला जखम नसेल असे होत नाही, आणि हाताच्या जखमेने त्याच बाजूच्या काखेतील ग्रंथी सुजू शकतात. शिवाय आपल्याकडे क्षयरोगाचा विचार कोणत्याही काखेतल्या ग्रंथीच्या वेळी करावाच लागतो. त्यामुळे प्रतिजैविके देऊन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी, असा एक पर्याय समोर होता.

तो बाजूला ठेवला. जखमेच्या संसर्गाने सुजलेल्या ग्रंथीचा कॉर्टेक्स सहसा सगळीकडे सारखा जाड होतो आणि बऱ्याचदा शेजारच्या ग्रंथीही तशाच दिसतात; येथे एकाच ग्रंथीच्या एकाच टोकाला फुगवटा होता आणि बाकीच्या तीन ग्रंथी निर्दोष होत्या. दुसरे कारण व्यावहारिक होते. ग्रेड 3 आणि हर-2 सकारात्मक कर्करोगात तीन आठवडे थांबून मिळणार होते ते फक्त अनुमान, आणि सुईने मिळणार होते ते उत्तर. क्षयरोग असता तर तोही सुईनेच कळला असता.

दुसरा निर्णय: नकारात्मक एफएनएसीवर विसंबावे का

ग्रंथीला लागूनच काखेतील एक शीर जात होती. त्यामुळे पहिल्या भेटीत कोअर बायोप्सीऐवजी बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेणारी एफएनएसी निवडली. ती कमी त्रासाची, कमी खर्चाची आणि अहवाल लवकर देणारी असते; ती सकारात्मक आली तर पुढचा प्रश्नच मिटतो. अहवाल आला: विविध टप्प्यांतील लिम्फॉइड पेशी, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच होते. घरच्यांना आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. शल्यचिकित्सकांनी मात्र लगेच तारीख दिली नाही. त्यांनी चित्रे आणि अहवाल शेजारी ठेवून तिघांची चर्चा व्हावी असे सुचवले. पॅथॉलॉजिस्टनी फोनवर जे सांगितले ते नेमके होते: "लिम्फॉइड पेशी मिळाल्या आहेत, म्हणजे सुई ग्रंथीत होती. पण ती त्या फुगवट्यात होती की बाजूच्या चांगल्या भागात, हे काचपट्टीवरून मला सांगता येणार नाही."

एफएनएसी सकारात्मक असेल तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. नकारात्मक असेल तर तिची चित्राशी सांगड घालावी लागते, आणि सांगड बसत नसेल तर तो अहवाल उत्तर म्हणून स्वीकारता येत नाही. फुगवटा 5.5 मिलिमीटरचा, सुईचे टोक मागेपुढे हलणारे आणि रुग्णाचा श्वास चालू, अशा स्थितीत नमुन्याचा मोठा भाग निरोगी कॉर्टेक्समधून येणे सहज शक्य असते.

समोर तीन पर्याय होते. एक, नकारात्मक मानून शस्त्रक्रिया करायची आणि सेंटिनल ग्रंथीच्या तपासणीत काय निघते ते पाहायचे. यात काख सकारात्मक निघाली असती तर आधी औषधे देण्याची संधी कायमची गेली असती, कारण गाठ काढल्यावर औषधाचा परिणाम मोजायला शरीरात काही उरत नाही. दोन, सुईच्या पुराव्याशिवाय फक्त चित्रावरून काख सकारात्मक मानून किमो सुरू करायची. यात ग्रंथी खरोखर निर्दोष असती तर एका बाईला गरजेपेक्षा जड औषधे मिळाली असती आणि नंतर ग्रंथी साफ दिसली तरी ती मुळात बाधित होती का, हे कोणालाच सांगता आले नसते. तीन, कोअर बायोप्सी.

तिसरा पर्याय घेतला. शिरेमुळे स्प्रिंगने आपोआप पुढे झेपावणारी सुई टाळली. टोक जागेवर ठेवून नमुना घेता येईल अशी 16 गेजची सुई वापरली. जागा बधिर करून सुई प्रोबला समांतर ठेवली, टोक सतत पडद्यावर दिसत राहील अशा बेताने फुगवट्यातच नेले आणि शीर वाटेबाहेर ठेवली. तीन तुकडे घेतले. तिसरा पांढरट, अखंड आला. नंतर बराच वेळ बोटांनी दाब दिला आणि रक्त साकळले नाही याची सोनोग्राफीतून खात्री केली.

अहवाल: ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी, स्तनातील गाठीसारख्याच. आजाराची अवस्था टी-1, एन-1 (गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, पण काखेत पसरण) ठरली आणि उपचाराचा क्रम उलटला.

पेट स्कॅन आणि गाव-शहराचा प्रश्न

मुलाने सुरतच्या सहकाऱ्यांकडून पेट स्कॅनबद्दल ऐकले होते आणि "एकदाच सगळे कळेल" ही त्याची अपेक्षा होती. त्याला दोन गोष्टी समजावल्या. ग्रंथीतली काही मिलिमीटरची पसरण पेटमध्ये दिसेलच असे नाही. आणि क्षयरोगाची किंवा साध्या संसर्गाने सुजलेली ग्रंथीही त्यात उजळते, म्हणून काखेत काही उजळले तरी शेवटी सुई घालावीच लागते. छाती व पोटाचा सीटी स्कॅन केला, तो निर्दोष आला.

उपचार कुठे घ्यायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. अमळनेर सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर असल्याने सुरत सोयीचे होते. नातेवाइकांचा कल मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे होता. शेवटी त्यांनी उपचाराचा आराखडा मुंबईच्या तज्ज्ञांकडून पाहून घ्यायचा, किमो आणि शस्त्रक्रिया जळगावात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, आणि रेडिएशन नणंद राहते त्या नाशिकला, असे ठरवले. दर तीन आठवड्यांनी लांबचा प्रवास टळल्यामुळे एकही किमो चुकली नाही. या रुग्णाच्या बाबतीत हा निर्णय औषधाइतकाच मोलाचा ठरला, असे माझे मत आहे.

तिसरा निर्णय: ग्रंथीवर खूण ठेवायची का

किमो सुरू होण्यापूर्वीचा हा निर्णय घाईत राहून जातो, आणि नंतर तो घेता येत नाही.

किमोने काख साफ झाल्यास सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजी मोजक्याच काढायच्या, हे उद्दिष्ट होते. त्याचे कारण हात. काखेतील सर्व ग्रंथी काढल्यानंतर साधारण पाचांपैकी एकीच्या हाताला कायमची सूज येते. फक्त सेंटिनल ग्रंथी काढल्यास हे प्रमाण वीसांपैकी एकीच्या आसपास असते. जिच्या बोटांना दर हंगामात बोंडे टोचणार आहेत, तिच्या सुजलेल्या हातात जिवाणूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. ताईंसाठी हा रोजगाराचा प्रश्न होता.

पण किमोनंतर फक्त रंग टोचून सेंटिनल ग्रंथी शोधली तर चूक होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील झेड-1071 चाचणीत, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, किमोनंतरही काखेत आजार उरलेल्या अशा स्त्रियांपैकी 12.6 टक्के स्त्रियांच्या सेंटिनल ग्रंथी निर्दोष आल्या होत्या. ज्या ग्रंथीत सुईने कर्करोग सिद्ध झाला तिच्यावर आधी क्लिप (धातूची बारीक खूण) ठेवून ती हमखास काढली, तर हे प्रमाण खाली येते. ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसन केंद्राने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालिकेत ते 2 टक्क्यांपर्यंत उतरले. त्याच मालिकेत खूण केलेली ग्रंथी 23 टक्के रुग्णांमध्ये सेंटिनल ग्रंथींत नव्हतीच. किमोमुळे लसिकेच्या वाटा बदलतात आणि रंग दुसरीकडेच जातो.

पर्याय दोन होते: टायटॅनियमची क्लिप किंवा निर्जंतुक कार्बन द्रावणाने ग्रंथी गोंदणे. कार्बन स्वस्त आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना दिसणारा. पण तो फक्त काख उघडल्यावरच दिसतो. क्लिप मॅमोग्राफीत, एक्स-रेत आणि बहुधा सोनोग्राफीतही दिसते. संशयास्पद ग्रंथी एकच असल्याने एक क्लिप पुरेशी होती. मुंबईहून ती मागवून पहिल्या किमोपूर्वी त्याच फुगवट्यात ठेवली, मॅमोग्राफीची एक फिल्म काढून जागेची खात्री केली आणि त्वचेपासूनची खोली, शेजारची शीर व स्नायूच्या कडेपासूनचे अंतर अहवालात नोंदवले.

औषधोपचाराचा काळ

हृदयाची टूडी इको तपासणी करून डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि ट्रास्टुझुमॅबची सहा चक्रे दर तीन आठवड्यांनी दिली. तिसऱ्या चक्रानंतरच्या सोनोग्राफीत स्तनातील गाठ निम्म्याहून कमी झाली होती आणि ग्रंथीचा फुगवटा बसला होता. सहाव्यानंतर कॉर्टेक्स 2 मिलिमीटरच्या आत आला, ग्रंथी जेमतेम 6 मिलिमीटरची उरली आणि हायलम पुन्हा मध्यभागी दिसू लागला.

अहवालात "काख सामान्य" असे लिहिले नाही. "खूण केलेल्या ग्रंथीत सोनोग्राफीवर उरलेल्या आजाराचे चिन्ह नाही; सूक्ष्म आजार नाकारता येत नाही" असे लिहिले. किमोनंतर सोनोग्राफी निर्दोष दिसली तरी ग्रंथी न काढता सोडण्याइतका भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही, आणि साउंड चाचणीचे निष्कर्ष या परिस्थितीला लागू नाहीत. ताईंच्या मुलाने नेमके हेच विचारले होते: "आता दिसतच नाही, तर काढायची कशाला?" दिसेनाशी होणे आणि नाहीशी होणे यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो, हे त्याला चित्रे दाखवून सांगितले.

शस्त्रक्रियेची सकाळ

स्तन राखून गाठ काढणे आणि काखेतील खूण केलेली ग्रंथी सेंटिनल ग्रंथींसह काढणे, असे नियोजन होते. त्यासाठी त्या सकाळी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली ग्रंथीत हूक असलेली बारीक तार बसवायची होती.

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची नोंदणी जागेसकट असते. ते उचलून दुसऱ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात नेता येत नाही. हा कायदा या जिल्ह्यांच्या मुलींच्या प्रमाणाकडे पाहता हवाच आहे, आणि तो पाळून काम बसवणे ही आमची जबाबदारी. त्यामुळे तार आमच्या केंद्रात बसवून ताईंना रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यायचे ठरले.

ग्रंथी सापडायला वेळ लागला. आकसलेल्या ग्रंथीत साधी टायटॅनियमची क्लिप चरबीच्या पांढऱ्या रेषांत मिसळून जाते. आधीच्या चित्रांतील शिरेचा वळसा आणि स्नायूच्या कडेपासूनचे अंतर यांवरून जागा जुळवली, प्रोब हलकेच तिरपा केला तेव्हा क्लिपची चमक आणि तिच्यामागची अगदी पुसट सावली दिसली. तार बसल्यावर तिचे बाहेरचे टोक गुंडाळून पारदर्शक पट्टीने चिकटवले, हात अर्धवट दूर ठेवून खाली उशी दिली आणि परिचारिका सोबत गेली. हात छातीला घट्ट मिटला तर तार सरकू शकते.

शल्यचिकित्सकांनी निळा रंग आणि आयसीजी (खास कॅमेऱ्यात चमकणारा रंग) हे दोन्ही वापरले. रंग घेतलेल्या तीन ग्रंथी निघाल्या. तारेने दाखवलेली ग्रंथी चौथी होती, आणि तिने दोन्हींपैकी कोणताही रंग घेतलेला नव्हता. तिचा लगेच साधा डिजिटल एक्स-रे काढला. क्लिप आत होती. तार नसती तर ही ग्रंथी काखेतच राहिली असती.

परिणाम

चारही ग्रंथींत जिवंत कर्करोगपेशी नव्हत्या. क्लिप असलेल्या ग्रंथीच्या एका टोकाला तंतुमय व्रण आणि फेसाळ हिस्टिओसाइट (मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या) पेशींचा पुंजका होता, म्हणजे आजार तिथे होता आणि औषधाने गेला होता. काखेतील उरलेल्या ग्रंथींना हात लावला नाही.

स्तनात मात्र 4 मिलिमीटरचा आजार शिल्लक होता. अशा वेळी ट्रास्टुझुमॅब एमटान्सीन हे पुढचे औषध अधिक परिणामकारक असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन चाचणीने दाखवले आहे. ते मिळवण्यासाठी कुटुंबाने आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने मिळून प्रयत्न केले आणि उपचार सुरू झाले. आधी शस्त्रक्रिया झाली असती तर या औषधाची गरज कळण्याचा मार्गच उरला नसता.

रेडिएशन स्तनावर दिले. काखेवर आणि कॉलरबोनच्या भागावर वेगळे द्यायचे का, याची चर्चा झाली. ज्यांच्या काखेतला आजार सुईने सिद्ध झाला होता आणि किमोनंतर ग्रंथी साफ निघाल्या, अशा स्त्रियांमध्ये ग्रंथींवरील रेडिएशनने आजार परतण्याच्या प्रमाणात सुधारणा झाली नाही, असे एनएसएबीपी बी-51 चाचणीने दाखवले आहे. ताईंच्या बाबतीत तो पुरावा हातात होता, म्हणून तो निष्कर्ष वापरता आला आणि काखेचे रेडिएशन टळले.

आतापर्यंतच्या फेरतपासण्यांत आजार परतल्याचे चिन्ह नाही, पण हा काळ अजून थोडा आहे. दोन्ही हातांचा घेर ठरलेल्या जागी टेपने मोजला जातो. डावा हात उजव्याइतकाच आहे. पुढच्या हंगामात ताई हातमोजे घालून घरच्या शेतात वेचणीला गेल्या. दुसऱ्यांकडची मजुरी सध्या बंद आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट तालुक्याच्या पातळीवरची. स्तनात संशयास्पद गाठ दिसली तर प्रोब तसाच काखेत सरकवायला काही मिनिटेच लागतात, यंत्र तेच असते आणि रुग्ण टेबलावर असतोच. चिठ्ठीत फक्त स्तन लिहिला असला तरी हे करावे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीही "स्तन व दोन्ही काखा" असे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. अहवालात किती ग्रंथी संशयास्पद, कोणत्या पातळीत, कॉर्टेक्स किती मिलिमीटर, जाडी सारखी की एका जागी, हायलम आहे की नाही, एवढे असावे. काख पाहिली नसेल तर "काख तपासलेली नाही" असे लिहावे, म्हणजे मौनाचा चुकीचा अर्थ निघणार नाही.

दुसरी गोष्ट सुईच्या निवडीची. फुगवटा एकाच जागी आणि लहान असेल तर पहिल्याच भेटीत कोअर बायोप्सी करणे श्रेयस्कर, असे आता मला वाटते. शिरेचे भय योग्य सुईने आणि टोकावर नजर ठेवून आवाक्यात राहते. ग्रंथी पूर्ण काळी, गोल आणि हायलम गेलेली असेल तर मात्र एफएनएसी बहुतेक वेळा पुरते, कारण सुई कुठेही गेली तरी आजारातच जाते. कोअरची सोय नसलेल्या ठिकाणी एफएनएसी जरूर करावी. नकारात्मक अहवाल आला की चित्रासह रुग्णाला पुढे पाठवावे.

तिसरी गोष्ट खुणेची. चांगला प्रतिसाद अपेक्षित असलेल्या, म्हणजे हर-2 सकारात्मक किंवा तिन्ही रिसेप्टर नकारात्मक, कर्करोगात ग्रंथी इतकी आकसते की साधी क्लिप शोधणे अवघड होते. सोनोग्राफीत दीर्घकाळ उठून दिसणारे हायड्रोजेलचे आवरण असलेली क्लिप, किंवा साध्या क्लिपसोबत कार्बनचे गोंदण, हा त्यावर उपाय आहे. क्लिप आणि कार्बन दोन्ही असते तर तार सरकण्याची काळजीही कमी झाली असती. जिथे सोनोग्राफी कक्ष आणि शस्त्रक्रियागृह एकाच इमारतीत आहे तिथे शस्त्रक्रिया ठेवणे हा आणखी सोपा मार्ग होता. तो या वेळी योजनेच्या मंजुरीमुळे जमला नाही.

शेवटची गोष्ट नोंदींची. ताईंच्या सकाळच्या तासाभरात कामी आली ती किमोपूर्वी जपून ठेवलेली चित्रे आणि तीन मोजमापे. खान्देशातील रुग्ण निदान एका शहरात, किमो दुसऱ्या आणि शस्त्रक्रिया तिसऱ्या शहरात घेतात, त्यामुळे क्लिप कोणत्या ग्रंथीत, कोणत्या तारखेला आणि कोणत्या प्रकारची ठेवली, हे एका कार्डावर लिहून, ग्रंथीच्या दोन चित्रांसह, रुग्णाच्याच फाइलमध्ये द्यायला आम्ही आता सुरुवात केली आहे.